स्मारक नाणं पहिल्यांदा घेताय? आधी राजपत्र वाचा, मग पैसे भरा

नव्या संसद भवनाचं उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झालं आणि त्याबरोबर ७५ रुपयांच्या नाण्याची बातमी घरोघरी पोचली. पुढचे कित्येक दिवस ओळखीपाळखीचे लोक मला एकच विचारत होते, "पंच्याहत्तरचं नाणं बँकेत कधी येणार?" ते बँकेत येणार नव्हतंच. अशी नाणी बाजारात फिरण्यासाठी पाडलेली नसतात. ती टांकसाळीकडून, दर्शनी मूल्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला, मागणी नोंदवून घ्यावी लागतात. ही साधी गोष्टही कुणी धड सांगत नाही, म्हणून हा लेख.

एखादी भव्य वास्तू, रेल्वे, धरण, मंदिर अशा बांधकामाच्या करामतीवर निघालेलं नाणं हौसेनं घ्यावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरणाला ७५ रुपयांचंच नाणं घेतो, कारण त्याची मापं सगळ्यांना तपासून पाहता येतात.

हाताशी काय हवं

खरेदीसाठी: चालू मोबाइल क्रमांक, ईमेल, पिनकोडसह पूर्ण पत्ता, पॅन, आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं लिहा.

तपासणीसाठी: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक जोरदार लोहचुंबक, सुती हातमोजे. नुसतं टांकसाळीकडूनच घेणार असाल तर यातले हातमोजे आणि भिंग पुरे. बाकीचं सामान बाहेरच्या बाजारात उतरायचं असेल तेव्हा.

१. कोणत्या जातीचं नाणं हवंय ते ठरवा

आपल्याकडे स्मारक नाण्यांच्या दोन जाती. पहिली, रोजच्या व्यवहारात फिरणारी. स्वतंत्र भारताची अशी पहिली नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मृत्यर्थ निघाली. बोरीबंदर ते ठाणे या १८५३ च्या पहिल्या प्रवासी गाडीला दीडशे वर्षं झाली, त्यानिमित्त २००३ सालचं दोन रुपयांचं नाणं आलं. त्यावर हातात कंदील घेतलेला 'भोलू' हा हत्तीचा गार्ड आहे. ते अजूनही कधीकधी भाजीवाल्याकडच्या मोडीत सापडतं. सापडलं तर ठेवून द्या, दोन रुपयांत इतकी गंमत मिळत नाही.

दुसरी जात फक्त संग्राहकांसाठी. ७५, १००, १२५, १५० रुपये असे चमत्कारिक आकडे दिसले की समजायचं, हे नाणं दुकानात चालवायला काढलेलं नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा दोन्ही जाती निघाल्या: फिरणारं पाच रुपयांचं नाणं आणि संग्राहकांसाठी चांदी-तांब्याचं एक हजार रुपयांचं. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं हे मंदिर, साठ मीटरच्या वर चढलेलं ग्रॅनाइटचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. हजाराचं नाणं तिथे शोभून दिसतं. कायद्याप्रमाणे त्याहून मोठ्या मूल्याचं नाणं काढताही येत नाही, नाणे अधिनियम २०११ मध्ये एक हजाराची मर्यादा आहे.

संग्राहकांच्या नाण्यात पुन्हा दोन प्रकार विचारले जातील: प्रूफ आणि यूएनसी. प्रूफसाठी ठसे आणि चकत्या दोन्ही घासून आरशासारख्या केलेल्या असतात आणि छाप एकाहून जास्त वेळा मारतात. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा आणि उठावाचा भाग दुधी दिसतो. यूएनसी म्हणजे न वापरलेलं, पण नेहमीच्या पद्धतीनं पाडलेलं. प्रूफ महाग. बांधकामाच्या विषयाला मात्र मी प्रूफच घ्या म्हणेन: खांब, कमानी, जाळ्या यांच्या बारीक रेषा दुधी-आरशी फरकामुळे उठून दिसतात. माणसाचा चेहरा असलेल्या नाण्यात यूएनसीवरही भागतं.

२. राजपत्र शोधा आणि मापं लिहून घ्या

बहुतेक जण ही पायरी गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग राजपत्रात अधिसूचना काढतो. ती हिंदी आणि इंग्रजीत असते, ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते. शोधताना मंत्रालयात अर्थ, विभागात आर्थिक व्यवहार आणि प्रकारात असाधारण राजपत्र निवडा. तारीख बातमीच्या आसपासची द्या, कारण पुष्कळदा अधिसूचना समारंभाच्या आधीच निघालेली असते.

त्यातून एवढं वहीत उतरवा: दर्शनी मूल्य, आकार, व्यास, वजन आणि त्यात किती फरक चालतो, धातूंचं प्रमाण, कडेच्या खाचांची संख्या, आणि दोन्ही बाजूंवर काय कोरलंय त्याचं वर्णन.

७५ रुपयांच्या नाण्याचं टिपण असं होतं: गोल, व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० खाचा. धातू: चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. दर्शनी बाजूला मधोमध अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष, खाली 'सत्यमेव जयते', एका बाजूला देवनागरीत 'भारत', दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'इंडिया', आणि सिंहशीर्षाखाली रुपयाचं चिन्ह व ७५. मागच्या बाजूला संसद संकुलाचं चित्र, वर देवनागरीत 'संसद संकुल', खाली तेच इंग्रजीत, आणि साल २०२३.

या एका कागदावर पुढचं सगळं उभं आहे. खरं-खोटं यावरून, किंमत यावरून, नाणं ठेवायची पारदर्शक डबी, म्हणजे कॅप्सूल, कोणत्या मापाची घ्यायची तेही यावरून. आणि अधिसूचना सापडतच नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

३. नाणं आहे की पदक, ते पाहा

पूल झाला, बोगदा झाला, चांद्रयान उतरलं, की खासगी कंपन्यांची चांदीची 'नाणी' बाजारात येतात. डबी सुंदर, प्रमाणपत्र जाडजूड कागदावर. चांदीही कित्येकदा चोख असते. पण ते नाणं नसतं, पदक असतं. भारतात नाणं काढायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे.

ओळखायला सोपं: सिंहशीर्ष, 'भारत' आणि दर्शनी मूल्य, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ते पदक. पदक घेऊ नये असं नाही, मला स्वतःला काही आवडतात. पण ते चांदीच्या भावानं घ्यावं, नाण्याच्या भावानं नाही. आणि 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द दोन्हीवर सारख्याच उत्साहानं छापलेले असतात, तिकडे लक्ष देऊ नका.

गोंधळात भर म्हणजे सरकारी टांकसाळही पदकं आणि स्मरणवस्तू विकते. तेव्हा विकणारा सरकारी आहे एवढ्यावर थांबू नका, वस्तूवर काय कोरलंय ते वाचा.

४. किमतीचं गणित घरीच करा

३५ ग्रॅमपैकी ५० टक्के म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. त्या दिवशीच्या भावानं तिची किंमत काढा. तंजावरच्या हजाराच्या नाण्यात चांदी ८० टक्के, म्हणजे त्याच ३५ ग्रॅममागे २८ ग्रॅम. अलीकडे काही नाणी ९९.९ टक्के चांदीची आणि ४० ग्रॅमची निघू लागली आहेत, तिथे हिशेब आणखी सरळ.

टांकसाळीची किंमत या आकड्यापेक्षा नेहमी वर असणार. घडणावळ, डबी, प्रूफची मेहनत, कर, टपाल हे सगळं त्यात येतं. धातूच्या किमतीला आपण तळ म्हणू आणि त्यावर आपण हौसेचे किती देतोय ते डोळ्यांसमोर ठेवू. दर्शनी मूल्याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. कायद्यानं ७५ रुपयांचं नाणं ७५ रुपयांचंच आहे.

चांदीचा भाव चढला म्हणून नाणं सोनाराकडे आटवायला नेण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर तो सोडा. नाणं वितळवणं हा नाणे अधिनियमाखाली गुन्हा आहे.

५. मागणी नोंदवणे

सरकारी टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. चारही सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. विक्री इंडिया गव्हर्नमेंट मिंटच्या संकेतस्थळावरून होते. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेजवळ आहे. विक्री खिडकीवर जायचं असेल तर वेळ आणि काय शिल्लक आहे ते आधी विचारून घ्या, उगीच खेप नको.

क्रम असा ठेवा:

खातं आधीच उघडून ठेवा. नोंदणी सुरू झाल्याच्या दिवशी संकेतस्थळावर झुंबड असते, त्यात ओटीपीची वाट बघत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दुव्यावरून जाऊ नका, हुबेहूब दिसणारी पानं बनवणं आता कुणालाही जमतं.

प्रूफ की यूएनसी, एकटं नाणं की संच, हे नीट वाचून निवडा. संचात सोबत फिरणाऱ्या मूल्याचं नाणंही असू शकतं. पान घाईत पुढे ढकलणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

पैसे भरल्यावर पावती उतरवून घ्या आणि मागणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा. पैसे खात्यातून गेले पण मागणी दिसत नाही असं झालं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक देऊन ईमेल करा आणि थांबा.

थांबणं हा या छंदाचा भागच आहे. समारंभात नाण्याचं प्रकाशन झालं म्हणजे विक्री सुरू झाली असं नसतं, आणि नोंदणी झाली म्हणजे नाणं तयार आहे असंही नसतं. मधे महिने जातात. वाढदिवसाची भेट म्हणून ऐनवेळी मागवायला हे कामाचं नाही.

६. पार्सल उघडताना

बंद पाकिटापासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा. पाकिटावरचा पत्ता, शिक्का, चिकटपट्टी हे त्यात दिसू द्या. तक्रार करायची वेळ आली तर याशिवाय दुसरं काही उपयोगी पडत नाही.

नाणं डबीतून काढू नका. भिंगातून, तिरप्या उजेडात, प्लॅस्टिकवरूनच पाहा. प्रूफवर शोधायच्या गोष्टी: आरशी भागावरचे केसासारखे ओरखडे, दुधी डाग, बोटाचा ठसा. यूएनसीवर लहानसहान टवके असतात, कारण ती नाणी एकमेकांवर पडलेली असतात. त्यावरून भांडू नका.

मग सालाच्या आसपास टांकसाळीची खूण शोधा. मुंबईची चौकटची खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची काहीच खूण नसते, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मुंबईच्या अलीकडच्या प्रूफ नाण्यांवर इंग्रजी 'एम' हे अक्षर असतं.

७. बाहेरच्या बाजारातून घेताना

नोंदणी हुकली की व्यापारी, नाण्यांची प्रदर्शनं, लिलाव आणि ऑनलाइन विक्रेते उरतात. घाईनं पहिल्या भावाला घेऊ नका. नवं नाणं हाती यायच्या सुमाराला भाव चढलेला असतो, सगळ्यांची पार्सलं पोचली की तो बहुधा खाली येतो.

टांकसाळीच्या मूळ वेष्टनातलं नाणं असेल तर ते फोडायचं नाही. वेष्टन, प्रमाणपत्र, बिल यांचा मेळ बसतो का एवढंच बघा. सुटं नाणं असेल तर वही काढा.

वजन आणि व्यास आधी. ४४ मिलिमीटरचं नाणं साडेत्रेचाळीस भरलं, तर पुढचं काही पाहायची गरज नाही. मग चुंबक: राजपत्रातल्या प्रमाणाचं चांदी-तांब्याचं नाणं चिकटत नाही. चिकटलं तर धातू राजपत्रातला नाही. पण न चिकटणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे, पितळही चिकटत नाही.

भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. ठशानं पाडलेल्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून ताठ उभं राहतं. ओतीव नकलेत ते साबणाच्या वडीवरच्या नावासारखं गोलसर, विरघळल्यासारखं असतं, आणि मोकळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. नाणं आडवं धरून कडा फिरवा. खाचांमधून जाणारी सांध्याची रेघ दिसली की विषय संपला.

तरी शंका असेल, तर पाण्याची परीक्षा घरी होते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. बारीक नायलॉनच्या दोऱ्यात नाणं अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटीमीटर हे नाण्याचं आकारमान. ७५ रुपयांच्या नाण्याच्या मिश्रणाची घनता साधारण साडेनऊ येते, म्हणजे ३५ ग्रॅमला आकडा ३.७ च्या जवळ हवा. तेवढ्याच वजनाची पितळी नक्कल ४.१ च्या आसपास जाते, शिशाची ३.१ ला थांबते. दोरा धरलेला हात थरथरला की आकडा हलतो, म्हणून तीन-चारदा बघा. पाणी शुद्ध केलेलं घ्या, नंतर नाणं मऊ कापडावर टेकवून सुकू द्या, पुसू नका. आणि प्रूफ नाण्यावर हा प्रयोग कधीच नको, पाण्याचा डाग आरशावर कायमचा बसतो.

मोठी रक्कम गुंतत असेल तर हॉलमार्किंग केंद्रात एक्स-किरणांच्या यंत्रावर धातू तपासून मिळतो, नाण्याला ओरखडाही येत नाही. एवढंच लक्षात ठेवा की ते यंत्र वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, म्हणून आकारमानाची परीक्षा सोबत हवी. सोनाराच्या कसोटीच्या दगडावर मात्र नाणं घासू देऊ नका. "एकच रेघ मारतो" असं तो म्हणेल. त्या एका रेघेत संग्राहकाची किंमत जाते आणि हाती नुसती चांदी उरते.

८. ठेवायचं कसं

चांदीचा शत्रू गंधक. हवेतला गंधक तिच्यावर काळपट थर चढवतो, आणि दमट हवेत हे लवकर होतं. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड, रंगीत पुठ्ठा हे नाण्याजवळ नकोत. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नकोत: काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर सुटतो आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या नाण्याला तो खातो. नाण्याच्या व्यासाची कडक कॅप्सूल घ्या, बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यानंतर ती बदला.

काळं पडलेलं नाणं चिंच, दंतमंजन, रांगोळी, चांदी उजळायचं पाणी यांपैकी कशानंही घासायचं नाही. देव्हाऱ्यातली भांडी उजळतो तसं नाणं उजळलं की जाणकार ते लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. नैसर्गिक काळसर छटा असलेलं नाणं चांगलं समजलं जातं.

बिल, राजपत्राची छापील प्रत आणि नाणं एकाच ठिकाणी ठेवा. घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा की हे काय आहे. नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ७५ रुपयांचं नाणं खरोखरच ७५ रुपयांना जातं.

९. विकायची वेळ आली तर

'हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. भोलूचं दोन रुपयांचं नाणं, वैष्णोदेवीचं नाणं, यांच्यावर असल्या अफवा वर्षानुवर्षं चालतात. ही नाणी भरपूर पाडली गेली आहेत. फसवणुकीची पद्धत ठरलेली: समोरचा तुमचं नाणं 'लाखात' घ्यायला तयार होतो, मग नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन म्हणून आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो. कधी त्यावर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही असतं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती असं शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असं कुठल्याच खऱ्या व्यवहारात नसतं.

खरा भाव बघायचा तर विक्रेत्यांनी लिहिलेल्या किमती सोडून द्या आणि लिलावात प्रत्यक्ष काय पडलं ते पाहा. बऱ्याच लिलावगृहांचे निकाल ऑनलाइन असतात. मूळ वेष्टन आणि बिल असेल तर ते आधी दाखवा, भाव नंतर बोला. आणि दोन व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी विचारा. प्रदर्शनात शेजारशेजारच्या टेबलांवर विचारलंत तर दुसऱ्याला पहिल्याचा आकडा तुम्ही पोचायच्या आधीच कळलेला असतो.